हात धुणारे आणि हात पाहणारे

हात पाहणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पंचांग काखेत मारलेला ज्योतिषी उभा राहतो. आज ज्या हात पाहणाऱ्यांची हकीकत मी सांगणार आहे ते हातावरच्या रेषा पाहत नाहीत. तो हात धुतला आहे की नाही, एवढेच पाहतात. हल्ली पुष्कळ मोठ्या रुग्णालयांत अशी एखादी व्यक्ती आपल्याला आढळेल. वॉर्डाच्या एका बाजूला ती हातात कागद घेऊन उभी असते. डॉक्टर एका रोग्याचे पोट दाबून पाहतात आणि दुसऱ्या खाटेकडे वळतात. परिचारिका सलाइनची नळी जोडते. सफाई करणारी बाई उशाचे टेबल पुसते. ही व्यक्ती मुकाट्याने कागदावर खुणा करीत असते. वीस-एक मिनिटे असे चालते आणि मग ती निघून जाते. हात धुण्याचे प्रसंग किती आले आणि त्यांपैकी कितींमध्ये हात खरोखर धुतले गेले, एवढाच तिच्या कागदाचा विषय. दुसरा आकडा पहिल्याने भागून शेकडा प्रमाण काढावयाचे. रुग्णालयाच्या नियमपालनाचे माप ते हेच.

हे काम पोरकट वाटण्याचा संभव आहे. हात धुतले का म्हणून आई मुलाला विचारते. वीस वर्षे विद्याभ्यास केलेल्या शल्यविशारदाला काय विचारावयाचे! परंतु हा प्रश्न विचारला गेला नाही म्हणून, आणि विचारणाऱ्याला गप्प बसविण्यात आले म्हणूनही, किती माणसे मेली याची गणती नाही. तो प्रश्न ज्याने नेटाने विचारला, त्याची कथा व्हिएन्ना शहरातील आहे आणि ती १८४७ सालची आहे. आपल्याकडे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज निघून तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि पणजीची वैद्यकशाळा पाच वर्षांची होती.

व्हिएन्नाचे सार्वजनिक रुग्णालय सम्राट दुसरा योसेफ याने १७८४ साली उघडले. तेथील प्रसूतिविभाग युरोपात नावाजलेला होता. गोरगरीब बायका, पुष्कळदा अविवाहित मुली, तेथे येत. बाळंतपण फुकट होई आणि मोबदला म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांच्या देहावर विद्या शिकावी, असा हा व्यवहार होता. या विभागाची दोन शकले होती. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. एक दिवस पहिल्या विभागाने बायका दाखल करून घ्यावयाच्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, असा क्रम असे. इमारत एक, अन्न एक, हवा एक. परंतु १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ प्रसूती झाल्या आणि १,९८९ बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात १७,७९१ प्रसूतींमागे ६९१. म्हणजे विद्यार्थ्यांच्या हाती शंभरातल्या जवळजवळ दहा जणी जात होत्या, सुईणींच्या हाती चारही नाही. रोग एकच होता, सूतिकाज्वर.

हे आकडे प्राध्यापकांच्या दप्तरात पडून होते. बायकांना मात्र ते दप्तर न उघडताच कळले होते. आज दाखल करून घेण्याची पाळी पहिल्या विभागाची आहे असे समजताच त्या हात जोडीत, गुडघे टेकीत, आपल्याला दुसऱ्या विभागात घ्या म्हणून रडत. कित्येक जणी वाटेतच, रस्त्याच्या कडेला बाळंत होत आणि मग मूल पदरात घेऊन दारात येत. आश्चर्य असे की, या रस्त्यावर बाळंत झालेल्या बायका विभागात बाळंत होणाऱ्यांपेक्षा कमी मरत!

पहिल्या विभागात १८४६ साली इग्नाझ सेमेलवाइस हा सहायक म्हणून रुजू झाला. तो बुडा शहरातील व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म १८१८ चा. विद्वत्तेत त्याच्याहून मोठी माणसे व्हिएन्नात होती, पण त्या दोन विभागांतील फरक त्याला झोपू देईना. त्या काळच्या विद्वानांनी या रोगाची नाना कारणे सांगितली होती. कोणी हवेतील दूषित प्रभाव म्हणे, कोणी गर्दी, कोणी मनातली भीती. सेमेलवाइस एकेक कारण घेऊन तपासत गेला. हवा दोन्हीकडे एकच. गर्दी तर दुसऱ्या विभागात अधिक, कारण सगळ्यांना तेथेच जावयाचे. मरणासन्न बाईकडे जाणारा धर्मगुरू पहिल्या विभागातून घंटा वाजवीत जाई, त्या घंटेने बायका धास्तावतात की काय, म्हणून त्याने घंटा बंद करवून त्याला दुसऱ्या वाटेने जावयास लावले. काही फरक पडला नाही. परदेशी विद्यार्थी धसमुसळेपणाने तपासतात, असा एका समितीने निष्कर्ष काढला आणि विद्यार्थ्यांची संख्या निम्म्यावर आणली. काही दिवस मृत्यू कमी झाले आणि पुन्हा वाढले.

१८४७ च्या मार्च महिन्यात सेमेलवाइस व्हेनिसहून सुट्टी संपवून परतला, तो त्याच्या कानी मित्राच्या मृत्यूची वार्ता आली. याकोब कोलेच्का हा न्यायवैद्यकाचा प्राध्यापक. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली, जखम चिघळली आणि तो गेला. त्याच्या शवाच्या तपासणीत जे जे दिसले, ते सगळे सेमेलवाइसने शेकडो बाळंतिणींच्या शवांत पाहिलेले होते. मित्राच्या देहात सुरीने जे नेले, तेच बाळंतिणींच्या देहात कोणी नेले? उत्तर त्याच्या मनगटाला जोडलेलेच होते. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी प्रेते चिरीत आणि तेथून उठून बायकांना तपासण्यास येत. सेमेलवाइस स्वतः तर इतरांपेक्षा अधिक निष्ठेने शवविच्छेदन करीत असे. सुईणी प्रेताला हात लावीत नसत.

साबणाने हात धुण्याची चाल तेव्हाही होतीच. पण धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास येई. जो वास जात नाही तो कशाचा तरी अंश हातावर शिल्लक असल्याची साक्ष देतो, असा त्याने तर्क केला आणि तो वास मारणारे द्रव्य शोधले. प्रथम क्लोरिनचे पाणी आणि ते महाग पडते म्हणून पुढे क्लोरिनयुक्त चुन्याचे पाणी. आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो तीच ही वस्तू. मे महिन्याच्या मध्यास पहिल्या विभागाच्या दाराशी या पाण्याचे भांडे ठेवले गेले आणि विच्छेदनगृहातून येणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, अशी सूचना लागली. रोगजंतूंची कल्पना त्या वेळी मान्य झालेली नव्हती, सेमेलवाइसलाही ती नव्हती, हे ध्यानात ठेवावे. एप्रिलमध्ये शेकडा अठरा बायका मेल्या होत्या. जूनमध्ये अडीचही नाहीत, जुलैत सव्वा.

शाळेच्या पुस्तकांतली गोष्ट येथे संपते. भांडे आले, मरण गेले. मला मात्र खरी गोष्ट यानंतरच सुरू होते असे वाटते; कारण मरण गेले नव्हते, दाराबाहेर उभे होते. सप्टेंबरात २६२ प्रसूतींमागे १२ मृत्यू झाले, ऑक्टोबरात ११, नोव्हेंबरात पुन्हा ११. यांतले काही मृत्यू नव्या ज्ञानाचे मोल होते. गर्भाशयाच्या कर्करोगाने स्राव वाहत असलेली एक बाई ऑक्टोबरात दाखल झाली आणि फेरीचा आरंभ जिच्यापासून होई अशा पहिल्याच खाटेवर तिला जागा मिळाली. तिला तपासल्यावर पुढच्या बायकांकडे जाताना डॉक्टरांनी हात नुसते साबणाने धुतले. त्या वेळी बाळंत होणाऱ्या बारा जणींपैकी अकरा जणी गेल्या. प्रेतच नव्हे, जिवंत देहातला कुजका स्रावही तेच करतो, हे त्यावरून कळले आणि दर दोन रोग्यांच्या मध्ये हात धुण्याचा नियम झाला.

पण सगळेच मृत्यू अज्ञानाचे नव्हते. काही विद्यार्थी भांड्यापाशी कुचराई करीत होते. त्या पाण्याने कातडी भाजते, वेळ जातो, आणि भांड्यात हात बुडविणे म्हणजे आपल्याच हाताने रोगी मेले हे कबूल करणे. सेमेलवाइसने मग कुचराई करणाऱ्यांवर कडक देखरेख सुरू केली. फेब्रुवारी १८४८ मध्ये २९१ प्रसूतींमागे दोन मृत्यू झाले. मार्चमध्ये एकही नाही. त्या सबंध वर्षात ३,५५६ प्रसूती झाल्या आणि ४५ बायका गेल्या. पहिला विभाग दुसऱ्याच्या बरोबरीला आला. तेव्हा १८४८ चा मान भांड्याला जितका द्यावा तितकाच त्या भांड्याशी उभ्या राहिलेल्या माणसालाही दिला पाहिजे. आजचा तो कागदवाला निरीक्षक त्याचाच वंशज आहे.

या वंशाचे दुसरे अंग म्हणजे चोपड्या. सेमेलवाइसने १७८४ पासूनच्या जन्ममृत्यूच्या नोंदी बाहेर काढल्या. पहिल्या अडतीस-एकोणचाळीस वर्षांत मृत्यूचे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास होते. १८२३ पासून ते चढत गेले, आणि विभागाची सूत्रे योहान क्लाइन यांच्या हाती आली ती याच सुमारास. विद्यार्थ्यांना प्रेतावर शिकविण्याची पद्धतही तेव्हाच सुरू झाली. क्लाइन हे सेमेलवाइसचे वरिष्ठ! त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. पहिल्या विभागातल्या आजारी बाळंतिणींना पुष्कळदा मोठ्या रुग्णालयाच्या इतर दालनांत हलविण्यात येई आणि त्या तेथे मेल्या म्हणजे त्यांची नोंद विभागाच्या खाती पडत नसे. आकडा वाचे, बाई वाचत नसे. अशा चोपड्या वाचणारा सहायक वरिष्ठाला प्रिय होणे कठीणच. मार्च १८४९ मध्ये त्याची मुदत संपली, ती वाढवून मिळाली नाही. पुढच्या वर्षी त्याने व्हिएन्ना सोडले, तेही मित्रांचा निरोप न घेता.

क्लाइन यांना खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. सेमेलवाइसचे म्हणणे खरे मानावयाचे तर प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या हाताखाली मेलेल्या बायका मोजावयाच्या आणि त्यांचा दोष स्वतःच्या बोटांवर घ्यावयाचा. सेमेलवाइसने तो घेतला. आपल्यामुळे किती जणी अकाली मेल्या ते एका देवालाच ठाऊक, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. कील येथील प्राध्यापक मिखाएलिस यांनीही तो घेतला. त्यांच्या नात्यातील एका स्त्रीला त्यांनीच तपासले होते आणि ती याच रोगाने गेली होती. व्हिएन्नाची वार्ता कळली, पटली, आणि १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आगगाडीखाली देह टाकला. कबुलीची किंमत इतकी होती. बाकीच्यांना ती परवडली नाही.

सेमेलवाइस पेस्टला गेला. तेथील सेंट रोखस रुग्णालयात सहा वर्षांत ९३३ प्रसूतींमागे सूतिकाज्वराने आठच बायका गेल्या. विद्यापीठाच्या प्रसूतिविभागात धड न धुतलेल्या चादरींवरून त्याला भांडावे लागले. आपला ग्रंथ मात्र त्याने फार उशिरा लिहिला, १८६१ चा म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि तो वाचणाऱ्याला दमविणारा आहे. त्यानंतर त्याने युरोपातील नामांकित प्राध्यापकांना उघडी पत्रे लिहून खुनी म्हटले. तो खोटे बोलत नव्हता, पण खुनी म्हटल्यावर कोणी भांड्याकडे जात नाही. पहारा करण्याची कला त्याला होती, मन वळविण्याची नव्हती. १८६५ च्या जुलैअखेर त्याला व्हिएन्नातील वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवले आणि पंधरा दिवसांत, १३ ऑगस्ट रोजी, जखमेतून रक्त दूषित होऊन तो मेला. वय ४७. त्याचे शवविच्छेदन व्हिएन्नाच्या त्याच सार्वजनिक रुग्णालयात झाले. आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर याने एका मुलाच्या मोडलेल्या पायावर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पाश्चरने १८७९ साली सूतिकाज्वराचे जंतू दाखविले. सेमेलवाइसचा पुतळा झाला, त्याच्या नावाचे विद्यापीठ झाले. आता हात का धुवावेत याविषयी जगात एकाही डॉक्टरच्या मनात शंका उरली नाही. मग तर हात धुतले जाऊ लागले असतील?

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहराच्या विद्यापीठ रुग्णालयांत दिदिए पिते या डॉक्टरांनी १९९४ साली हे मोजून पाहण्यास आरंभ केला. देश श्रीमंत, स्वच्छतेबद्दल विख्यात, नळाला बारमाही पाणी. शंभर प्रसंगांपैकी हात स्वच्छ केले गेले ते सुमारे ४८ वेळा. परिचारिकांचे प्रमाण ५२, डॉक्टरांचे ३०. जेथे रोगी अत्यवस्थ आणि काम अधिक, तेथे म्हणजे हात धुणे जेथे सर्वांत निकडीचे तेथेच, ते सर्वांत कमी. यात आळसापेक्षा गणिताचा भाग मोठा होता. १९९७ साली दोघा संशोधकांनी हिशेब मांडला: अतिदक्षता विभागात बारा जणांनी एका पाळीत प्रत्येक वेळी नळावर जाऊन हात धुवावयाचे ठरविले तर त्यात सगळ्यांचे मिळून सोळा तास जातील; तेच मद्यार्काचा द्राव हातावर चोळला तर तीन.

पिते यांनी भांडे खाटेपाशी नेले. मद्यार्काच्या द्रावाच्या बाटल्या प्रत्येक खाटेशी टांगल्या, लहान बाटल्या खिशात दिल्या, कर्मचाऱ्यांकडूनच कल्पना घेऊन भिंतींवर व्यंगचित्रे लावली, आणि मोजणी चालू ठेवली. तिचे आकडे ज्यांचे त्यांना दाखविले. तीन वर्षांत वीस हजारांहून अधिक प्रसंग नोंदले गेले. प्रमाण ४८ वरून ६६ वर गेले आणि रुग्णालयातच जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.९ वर उतरले. हा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात एक वाक्य असे आहे की जे वाचून सेमेलवाइस कडवट हसला असता: सुधारणा परिचारिकांत आणि त्यांच्या मदतनिसांत झाली, डॉक्टर होते तेथेच राहिले.

याच कामातून पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नियम घालून दिले. रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्तादी स्रावांशी संबंध आल्यावर, रोग्याला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यावर, अशा पाच वेळा त्यांत सांगितल्या आहेत. निरीक्षकाच्या कागदावर हेच पाच रकाने असतात. शेवटच्या रकान्यावर पुष्कळ जण चुकतात. रोग्याला कोठे हात लावला, नुसती चादर सरकविली, असे ते प्रामाणिकपणे म्हणतात.

आता या निरीक्षकाविषयी एक अडचण सांगितली पाहिजे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ पासून काही वर्षे कामगारांवर प्रयोग झाले आणि आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे एवढ्यानेच माणूस वेगळा वागू लागतो, या गोष्टीला त्यावरून नाव मिळाले. कॅनडातील एका मोठ्या रुग्णालयात द्रावाच्या प्रत्येक बाटलीची दांडी किती वेळा दाबली गेली हे विजेच्या यंत्राने आपोआप नोंदविण्यात आले आणि निरीक्षक केव्हा कोठे उभा होता हेही पाहिले गेले. २०१४ साली निष्कर्ष छापला: निरीक्षक दिसत असताना दांडी जितक्या वेळा दाबली जाई, ती तो नसताना दाबली जाण्याच्या सुमारे तिप्पट होती. म्हणजे कागदावरचे ते शेकडा प्रमाण हे पहाऱ्यातल्या हातांचे आहे. रात्री तीन वाजता कोणीही कागद घेऊन उभे नसते, त्या वेळचे नव्हे. म्हणून कोणी द्राव किती लिटर खपला ते मोजतात, कोणी कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यात यंत्र बसवितात. यंत्राला दांडी कळते. पण दांडी दाबणारा रोग्याकडे चालला होता की घरी, हे त्याला कळत नाही. डोळ्यांनी पाहणारा माणूस अजून तरी सुटलेला नाही.

अमेरिकेतील एका रुग्णालयात २०११ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग झाला. हात स्वच्छ ठेवल्याने तुमचे रोगापासून रक्षण होते, अशी पाटी साबण-द्रावाच्या काही भांड्यांवर लावली. काहींवर तीच पाटी, फक्त 'तुमचे'च्या जागी 'रोग्यांचे' हा शब्द. पहिल्या पाटीने विशेष काही घडले नाही. दुसरीच्या खाली साबण आणि द्राव अधिक खपला. पेस्टहून खुनी म्हणून पत्रे पाठविणाऱ्याला हे कोणी सांगावयास हवे होते.

आणि आता काही ठिकाणी रोग्यांनाच सांगण्यात येते की, तपासायला येणाऱ्याला तुम्हीच विचारा, हात धुतलेत का? व्हिएन्नाच्या त्या बायकांना विचारण्याची सोय नव्हती. रडण्याची तेवढी होती. आजच्या रोग्याला सोय आहे, छापील फलकही भिंतीवर असतो. तरी विचारणारे थोडेच. आपण उताणे पडलेले, अंगावर रुग्णालयाचे कपडे, आणि समोर हातात सुई घेऊन उभा असलेला माणूस. त्याला असे काही विचारावयास जीभ रेटत नाही.